धागा: माळव्याच्या काळ्या मातीत रानबाग (कुरण, झाडोरा आणि निंदणी)

माळरान_इंदूर · ११ एप्रिल, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी,

रानबाग म्हणजे जमीन मोकळी सोडायची आणि बघत बसायचं, असा समज फार पसरलाय. इंदूरच्या आसपास जमीन नुसती सोडली तर तिसऱ्या पावसाळ्यात काय उभं असतं ते बायपासच्या कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर दिसेल: गाजर गवत, घाणेरी, सुबाभूळ, रानतुळस. निसर्गाच्या हाती सूत्रं द्यायची असतील तर आधी या चौघांच्या हातून ती काढून घ्यावी लागतात.

धाग्यात हिशेब सोपा जावा म्हणून एक प्लॉट धरू. महू रस्त्याकडची ८,००० चौ. फूट, म्हणजे साधारण ७४३ चौ. मी. जागा. वर तीन-चार फूट काळी माती, खाली मुरूम. पाऊस वर्षाला ९५० मि.मी.च्या आसपास आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. यातलं ४,००० चौ. फूट कुरण, २,५०० झाडोरा, उरलेल्यात पायवाट आणि डबकं.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो: आधी गवत, मग झाडं. आणि कुरणाला खत अजिबात नाही.

छप्पनदुकान · ११ एप्रिल, सकाळी ८:२२

खत नाही? ज्या गावाचं नाव कंपोस्टच्या पद्धतीला मिळालं त्या गावात बसून हे म्हणताय? :)

माळरान_इंदूर · ११ एप्रिल, सकाळी ८:४०

हो, तिथेच बसून. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते आणि 'इंदूर पद्धत' तिथेच उभी राहिली. पण ती शेतासाठी. शेतातून दरवर्षी पीक उचललं जातं, म्हणून जमिनीला परत द्यावं लागतं. कुरणात उलटा हिशेब आहे. नत्र वाढलं की चार-दोन दांडगी तणं आणि एखादं उंच गवत सगळी जागा खातं. शंखपुष्पी, काळी मुसळी, रानमूग असली बुटकी मंडळी सावलीत गुदमरतात. काळी माती मुळातच सकस, तिला आणखी खाऊ घालायचं कारण नाही. शेणखत ठेवायचं असेल तर ते भाजीच्या वाफ्याला.

काळीमाती · ११ एप्रिल, रात्री ९:१४

खताबद्दल सहमत. आता एप्रिल चालू आहे, तर जमीन तयार करण्याबद्दल लिहितो, कारण पुढच्या दहा दिवसांत सुरुवात केली तरच यंदाचा पावसाळा सापडेल.

पहिलं काम: जमिनीत कुठलं तण आहे ते ओळखा. इथेच बहुतेकांचं चुकतं. हरळी, कुंदा, कांस, लव्हाळा ही मुळांनी किंवा गाठींनी पसरणारी तणं. गाजर गवत बियांनी पसरणारं. दोघांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

कुंदा किंवा कांस असेल तर आत्ता एकदा खोल नांगरट करा, ढेकळं उन्हात पडू द्या, महिनाभराने मुळ्या हाताने वेचून जागेबाहेर काढा. ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर लावू नका. तो मुळ्यांचे तुकडे करतो आणि एका कुंद्याचे पन्नास होतात.

नुसतं गाजर गवत असेल तर मात्र नांगराला हात लावू नका. त्याच्या एका झाडाला हजारो बिया येतात आणि खोल गाडल्या गेलेल्या काही वर्षं जिवंत राहतात. नांगरट म्हणजे त्यांना वर बोलावणं. तिथे उन्हाने तापवण्याची पद्धत चालते. जमीन सपाट करा, भरपूर पाणी द्या, वाफसा आला (माती ओलसर, पण पायाला चिकटत नाही अशी झाली) की २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरा आणि कडा वीतभर खोल चरात मातीने दाबा. पाच-सहा आठवडे तसाच ठेवा. कागद पारदर्शकच हवा. काळ्या कागदाखाली तण सावलीने मरतं, पण माती तेवढी तापत नाही आणि बिया वाचतात. कोरड्या मातीवर अंथरला तरी फुकट, कारण कोरडी बी उष्णता सहन करते.

या उपायाने लव्हाळ्याच्या गाठी मरत नाहीत. उलट कागद काढल्यावर स्पर्धाच नाही म्हणून लव्हाळा जोमाने येतो. तो असेल तर पैसे घालवू नका.

राऊकर · ११ एप्रिल, रात्री १०:०५

कुरणाच्या ३७२ चौ. मी.वर कागद अंथरायचा म्हणजे खर्च बराच होतो. पर्याय?

काळीमाती · १२ एप्रिल, सकाळी ६:३५

सगळीकडे नको. जिथे बी फेकायचं आहे तेवढाच १०० चौ. मी. तुकडा तापवा. बाकी जागेवर फसवी उगवण करा. इंदुरात पाऊस साधारण १५ ते २० जूनच्या सुमारास लागतो. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर दहा-बारा दिवसांत तणांचा हिरवा थर येतो. वाफसा बघून खुरप्याने किंवा फावड्याच्या धारेने वरचा दोन ते तीन सें.मी. थर खरवडा. त्याहून खोल गेलात तर नवं बी वर येतं. असं एकदा, जमलं तर दोनदा, आणि मगच लागवड. पेरणी दोन आठवडे लांबते, पण पुढची निंदणी निम्मी होते.

वाफसा नसताना काळ्या मातीत पाय घालू नका हे निराळं सांगायला नको. ओल्यात तुडवली की तिची वीट होते.

गवत्या · १२ एप्रिल, दुपारी १:२०

आता गवताकडे येऊ. द्वीपकल्पातल्या बऱ्याच भागाचं आणि माळव्याचंही मूळ कुरण शेडा-मारवेल गटातलं. वनस्पतिशास्त्रात सेहिमा-डायकँथियम म्हणतात ते हेच. कुठलं गवत कुठे, हे मातीची खोली ठरवते.

खोल काळ्या मातीत मारवेल, म्हणजे डायकँथियम ॲन्युलेटम. ओळख सोपी आहे: कांडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. मुरूम वर आलेल्या उथळ जागी शेडा, डोंगरी आणि कुसळी. पावसाळ्यात पाणी साचतं अशा खोलगट जागी इसायलेमा लॅक्सम. मारवेल मुरमावर लावलं तर जगतं, पण खुरटतं. शेडा खोलगटात लावला तर ऑगस्टात कुजतो.

लागवड दोन प्रकारे.

ठोंबांनी: जुलैत ढगाळ दिवस बघायचा. जुना ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करायचे, शेंडा कापून वीतभर ठेवायचा आणि ५० × ५० सें.मी.वर लावायचे. म्हणजे चौ. मी.ला ४, पूर्ण कुरणाला जवळपास १,५००. एका तगड्या ठोंबातून पंधरा-वीस तुकडे निघतात, तेव्हा ऐंशी ते शंभर ठोंब लागतील. शेताच्या बांधावरचे, रस्त्याच्या कडेचे आणा, मालकाला विचारून. अभयारण्यातून काडीही उचलायची नाही, रालामंडल असो की आणखी कुठलं.

बियांनी: गवताचं बी तुसासकट, हलकं आणि फुलकं असतं. उधळलं की वाऱ्यावर जातं. चौ. मी.ला ३ ग्रॅम तुसासकट बी आणि त्याच्या आठ-दहा पट ओलसर वाळू एकत्र करून फेका आणि पायाने दाबा. वर माती टाकायची नाही. एक सें.मी.खाली गेलं की बरंचसं बी वर येतच नाही. पाऊस लागायच्या आधी धूळपेरणी करायची असेल तर बी, शेण आणि पोयट्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या करा, नाहीतर मुंग्या सगळं वारुळात नेतील.

माझं मत: दोन्ही करा. ठोंब चौकटीसाठी, बी मधल्या जागेसाठी.

निंदणी · १२ एप्रिल, दुपारी ४:४८

एक भर. ताजं बी उगवलं नाही म्हणून लोक विकणाऱ्याला शिव्या देतात. कुसळीचं बी झाडावरून उतरल्यावर काही महिने झोपलेलं असतं, मारवेलचंही थोडंफार तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा केलेलं बी कापडी पिशवीत कोरडं ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरायचं. मात्र दोन वर्षांहून जुनं घेऊ नका.

आणि कुसळीचे गुंते सोडवत बसू नका. तिची कुसळं दमट हवेत उलगडतात, कोरड्यात पिळतात आणि तेवढ्यावर बी स्वतःला मातीत रुतवतं. गुंत्याचा जाळीसारखा थर जमिनीवर पसरा, चार दगड ठेवा, पुढचं काम ती करते.

छप्पनदुकान · १२ एप्रिल, संध्या. ६:१०

तीच कुसळी ना, जी पायजम्यात शिरून जीव नकोसा करते? घरात कुत्रा असेल तर?

निंदणी · १२ एप्रिल, संध्या. ६:३०

तीच. कुत्र्याच्या पंजात, कानात शिरली तर प्रकरण डॉक्टरपर्यंत जातं. पायवाटेपासून दोन मीटरच्या आत कुसळी नकोच, तिथे मारवेल. कुत्रा मोकळा फिरणार असेल तर कुसळी यादीतूनच काढा, शेडा-डोंगरीवर भागतं.

पळसपापडी · १२ एप्रिल, रात्री ९:५५

फुलांचं काय? बाजारात 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून पाकिटं मिळतात त्यात कॉसमॉस, झिनिया, गेलार्डिया असतात. तिन्ही मेक्सिको-अमेरिकेकडची. पिवळा-नारिंगी कॉसमॉस तर एकदा शिरला की निघत नाही. गवताच्या बियांबरोबर स्टायलो हे परदेशी चारापीक घ्या असाही सल्ला मिळेल. तो चाऱ्यासाठी ठीक, रानबागेला नको.

इथली यादी. खोल मातीत कुर्डू, केना, रानमूग, बावची, किडामारी. मुरमावर शंखपुष्पी, काळी मुसळी, अलिसिकार्पस या शेंगवर्गी रोपाच्या जाती. कुंपणाकडे गोकर्ण, कळलावी, कोरांटी. कळलावीचा कंद विषारी आहे, लहान मुलं असतील तर विचार करा. कुर्डूचं बी चिमूटभरच टाका. पहिल्या वर्षी तोच सगळीकडे दिसतो, गवत दाट झालं की आपोआप मागे हटतो.

फुलपाखरांसाठी फुलांपेक्षा अळ्यांचं खाद्य बघा. किडामारीवर क्रिमझन रोझ, रुईवर प्लेन टायगर, बावची आणि बेलावर लाइम, कोरांटीवर पॅन्सी, घोळीवर डॅनाइड एगफ्लाय, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप काढणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

राऊकर · १३ एप्रिल, सकाळी ७:१५

टाकळा पेरला की गाजर गवत दबतं म्हणतात. खरं का?

पळसपापडी · १३ एप्रिल, सकाळी ९:००

दबतं. टाकळा लवकर उगवतो, दाट होतो, आणि त्याच्या सावलीत गाजर गवताची रोपं लांबट, मरतुकडी राहतात. पण तोही मग सगळी जागा घेतो. बांधाबाहेरच्या उकिरड्याच्या पट्टीत जरूर वापरा. कुरणात वापरलात तर शेंगा भरायच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापा. त्याआधी कोवळ्या पानांची भाजी होतेच.

काळीमाती · १३ एप्रिल, सकाळी ९:४०

गाजर गवत फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. अंगावर पुरळ आणि दमा दोन्ही होऊ शकतं. नुसतं कापलं तर बुंध्यातून चार फांद्या फुटतात आणि बुटकं राहून फुलतं, म्हणजे आणखीच वाईट. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे पानांवर दिसले तर त्यांना राहू द्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. ते पावसाळ्यात काम करतात आणि गाजर गवत बारा महिने उगवतं.

चंबळकाठ · १३ एप्रिल, दुपारी १२:३०

इंग्लंडमधल्या कुरणांबद्दल वाचलं की 'यलो रॅटल' नावाची अर्धपरजीवी वनस्पती पेरा असं येतं. ती गवताच्या मुळांतून रस ओढते, गवत कमजोर होतं आणि फुलांना जागा मिळते. आपल्याकडे असं काही?

गवत्या · १३ एप्रिल, दुपारी २:०५

कल्पना बरोबर, आयात चूक. आपल्याकडचा त्या स्वभावाचा गडी म्हणजे टारफुला, आणि तो ज्वारी-मक्याचा वैरी. शेजारी शेत असताना टारफुला मुद्दाम पेरणं म्हणजे भांडण विकत घेणं. माळावर त्याच्या काही जाती आपसूक येतात, आल्या तर येऊ द्या.

एकूणच तिकडची वेळापत्रकं इकडे लावू नका. तिथे जुलै-ऑगस्टात कुरण कापतात, कारण त्यांचा बहर तेव्हा संपतो. आपला तेव्हा सुरू होतो. इथे मुख्य कापणी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, बी गळून गेल्यावर. विळ्याने, जमिनीपासून १० ते १५ सें.मी. ठेवून. कापलेलं दोन-तीन दिवस तिथेच वाळू द्या म्हणजे उरलंसुरलं बी झडतं. मग पेंढ्या बांधून बाहेर. तिथेच कुजू दिलं तर तेच खत होतं आणि वरच्या थराखाली बारीक रोपं मरतात. गाईवाला आनंदाने नेईल.

दरवर्षी एक तृतीयांश भाग कापायचा नाही, आणि तो तुकडा दरसाल बदलायचा. वाळक्या काड्यांत कोष असतात, मुनियांना बी मिळतं, राखी वटवट्याला आडोसा राहतो.

पहिल्या वर्षी मात्र एक जादा कापणी: ऑगस्टच्या मध्यावर, वीतभर उंचीवर. वर्षायू तणं तोवर कमरेएवढी होतात आणि गवताची रोपं खाली चार बोटं असतात. विळा तणांच्या मानेवर आणि गवताच्या डोक्यावरून गेला पाहिजे. निंदणी लागवडीनंतर साधारण २०, ४५ आणि ७० दिवसांनी. दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक.

वनराई · १३ एप्रिल, रात्री ८:४५

सगळं गवतावरच चाललंय. ८,००० चौ. फुटांत दाट जंगल का नाही? मियावाकी पद्धतीने चौ. मी.ला तीन ते पाच रोपं लावली तर दोन-तीन वर्षांत माणूस दिसत नाही इतकी दाटी होते. शहराला सावली हवी आहे, गवत नव्हे.

माळरान_इंदूर · १३ एप्रिल, रात्री ९:३०

अकिरा मियावाकींनी ही पद्धत जपानच्या सदाहरित, बारमाही ओलाव्याच्या जंगलांचा अभ्यास करून बांधली. आपलं नैसर्गिक रान शुष्क पानझडीचं. इंदूरजवळच्या चोरल, पातालपाणी, जानापावच्या उतारावर बघा: झाडांमध्ये अंतर आहे, खाली गवत आहे, मार्च ते जून ऊन थेट जमिनीवर पडतं. चौ. मी.ला चार रोपं लावून तीन वर्षं पाणी दिलं तर ती उभी राहतात हे खरं. पाणी थांबलं की एप्रिल-मेमध्ये सगळी एकाच ओलाव्यासाठी झगडतात. शिवाय त्या पद्धतीत मीटरभर खोल खणून भरपूर सेंद्रिय माल मिसळतात. काळ्या मातीत तो खड्डा ऑगस्टात हौद होतो.

आणि गवत म्हणजे पडीक जमीन, हा समज सरकारी दप्तरातही फार जुना आहे. तणमोर पक्षी, ज्याला इकडे खरमोर म्हणतात, पावसाळ्यात विणीसाठी रतलामकडच्या सैलाना आणि धारकडच्या सरदारपूरच्या कुरणांत येतो. १९८३ मध्ये दोन्ही ठिकाणी त्याच्यासाठी अभयारण्यं झाली. तिथे झाडं लावली असती तर तो उरला नसता.

वनराई · १३ एप्रिल, रात्री १०:१०

आठ हजार फुटांत तणमोर काही येणार नाही :) भिंतीलगत आवाज आणि धूळ अडवायला दाट पट्टा लागतो, यावर मी ठाम आहे. खत न घालता, दीड मीटर अंतरावर झुडपं लावली तरी पट्टा दाटतो.

काळीमाती · १४ एप्रिल, सकाळी ६:५०

तेवढं मान्य. रस्त्याकडेला निरगुडी, अडुळसा, करवंद, पांढरफळी दीड मीटरवर लावा. आत मात्र मोकळं.

झाडोऱ्याचा हिशेब: २,५०० चौ. फूट म्हणजे २३२ चौ. मी. तीन-तीन मीटरवर २५ रोपं बसतात. आठ-दहा वर्षांनी त्यातली दहा-बारा ठेवायची. कुठली, ते तेव्हा ठरवा. खोल काळ्या मातीत पळस, हिवर, बाभूळ, बहावा, काळा कुडा. पाणी साचतं तिथे अर्जुन, जांभूळ, करंज. मुरमाकडे धावडा, खैर, अंजन, टेंभुर्णी, सालई. मोह एखादाच, त्याला जागा फार लागते. सागाला साचलेलं पाणी सोसत नाही, काळ्या मातीच्या मधोमध लावू नका.

मधल्या थराला मुरुडशेंग, धायटी, बोर. धायटी फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल होते आणि सूर्यपक्षी तिच्यावरच असतात. वेलींमध्ये शतावरी, मालकांगोणी, गुंज. गुंजेच्या बियाही विषारीच. गुळवेल चौथ्या वर्षाआधी नको, कोवळ्या झाडाला ती दाबून टाकते.

खड्डा ६० × ६० × ६० सें.मी. त्याच मातीने भरा. इथे सगळ्यात जास्त रोपं मरतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. खड्ड्यात भुसभुशीत खतमाती आणि भोवती घट्ट काळी माती असेल तर सगळं पाणी खड्ड्याकडे धावतं आणि मुळं मडक्यात बुडतात. रोप पिवळं पडतं, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि वरून आणखी घालतात. खड्ड्याच्या भिंती फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून खडबडीत करा. रोप आजूबाजूपेक्षा वीतभर उंचवट्यावर बसवा. लागवड ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर.

राऊकर · १४ एप्रिल, सकाळी ८:१२

उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांचं काय? मनगट जाईल एवढ्या असतात.

काळीमाती · १४ एप्रिल, सकाळी ८:५५

भेगा बारीक मुळं अक्षरशः तोडतात आणि खालची ओलही उडवून देतात. फेब्रुवारी संपायच्या आत बुंध्याभोवती मीटरभर घेरात ८ ते १० सें.मी. पालापाचोळा घाला. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी चढते. भेग पडलीच तर भुसभुशीत मातीने भरून काढा, दगडांनी नाही.

पाणी: पहिल्या हिवाळ्या-उन्हाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी १५ ते २० लिटर, एकदम. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी. तिसऱ्यापासून बंद. रोज तांब्याभर पाणी घातलं की मुळं वरच राहतात आणि झाड जन्मभर तुमच्या तांब्याकडे बघत बसतं. कुरणाला सप्टेंबरनंतर थेंबही नाही. मार्चमध्ये फवारा मारलात तर हिरवं होईल ते हरळी-लव्हाळ्याने.

छप्पनदुकान · १४ एप्रिल, दुपारी १:००

पालापाचोळा ठेवायचा, वाळलेलं गवत उभं ठेवायचं. शेजारी काय म्हणतील? २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं शहर आहे भिया, इथे पान पडलं की लोक कचरागाडीची वाट बघतात.

निंदणी · १४ एप्रिल, दुपारी २:३०

हा विनोदाचा नव्हे, आराखड्याचा प्रश्न आहे. रस्त्याच्या बाजूने एक मीटरची पट्टी कायम आखूड कापलेली ठेवा आणि तिच्या आत सरळ रेषेत दगडांची कड. बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम ठेवलंय, दुर्लक्षित नाही. पायवाट दीड मीटर रुंद आणि नेहमी कापलेली, कारण पावसाळ्यात घोणस असू शकते. पाय टाकायची जागा दिसली पाहिजे. घराच्या भिंतीपासून पाच मीटरपर्यंत उंच गवत आणि लाकडाचे ढीग नकोत.

आगीचं विसरू नका. उभं वाळलेलं गवत आणि होळीची ठिणगी ही जोडी वाईट. होळीच्या आठवडाभर आधी सीमेलगत दोन मीटरची पट्टी जमिनीपर्यंत साफ करा.

चंबळकाठ · १४ एप्रिल, संध्या. ५:४०

डबक्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. दोन रस्ते आहेत. एक हंगामी डबकं: काळी माती ओली करून पायाने तुडवून तळ घट्ट करायचा, मध्ये ४५ ते ६० सें.मी. खोल. दिवाळीनंतर आटतं आणि तळाला भेगा पडतात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तुडवावं लागतं. बेडूक, चतुर यांना एवढं पुरतं. दुसरा, ५०० मायक्रॉनचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) कागद घालून बारमाही. कुठलंही असो, एक बाजू एकास चार उताराची ठेवा, नाहीतर खारी आणि पिल्लं बुडतात.

डास होतातच. गंबुशिया किंवा गप्पी मासे सोडू नका, ते बेडकांची पिल्लंही खातात. बारमाही डबक्यात अप्लोकायलस हा आपला छोटा मासा पुरतो. हंगामी डबक्यात पहिल्या महिन्यात चतुरांच्या अळ्या तयार व्हायच्या असतात, तेवढ्या काळात आठवड्यातून एकदा गाळणीने डासांच्या अळ्या काढा. महापालिकेच्या तपासणीच्या वेळी तेच कामी येतं.

राऊकर · १४ एप्रिल, रात्री ८:००

नीलगाय? राऊच्या पुढे कळपच फिरतात.

चंबळकाठ · १४ एप्रिल, रात्री ८:२०

नीलगाईला पाच फुटी तारेचं काही वाटत नाही. प्रत्येक रोपाभोवती बोर-बाभळीच्या काट्यांचं कुंपण, छातीएवढं उंच, दोन वर्षं. गवत तिने थोडं खाल्लं तर बिघडत नाही.

वनराई · १४ एप्रिल, रात्री ९:१५

रोपं कुठून आणायची? नर्सरीत बहावा मागितला तर तोंडाकडे बघत राहतात.

पळसपापडी · १४ एप्रिल, रात्री ९:५०

इथे हिंदी नावानेच मागा. बहावा म्हणजे अमलतास, पळस म्हणजे पलाश, गावाकडे खाखरा. उंबर गूलर, मोह महुआ, धायटी धवई, मुरुडशेंग मरोडफली, काळा कुडा दूधी. दूधी म्हटल्यावर भोपळ्याचं बी पुढे आलं तर हसू नका.

पण बऱ्याच जाती थेट बियांनीच बऱ्या. अंजन, पळस, खैर यांचं सोटमूळ पिशवीत गुंडाळतं आणि मग झाड उन्हाळा काढू शकत नाही. खैराचं बी रात्रभर भिजवून. बहाव्याचं कठीण: टोकाला पॉलिश पेपरने घासा किंवा उकळतं पाणी ओतून तसंच दिवसभर राहू द्या. मोह, जांभूळ, कडुनिंब यांचं बी साठवायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत मरतं, पडलं की लगेच लावायचं.

पळसाच्या पापड्या मेअखेरीपासून पडायला लागतील. वजनाला भरीव आणि कीड नसलेल्या वेचा. पहिल्या पावसानंतर आडव्या ठेवून दोन-तीन सें.मी. माती टाका, एका जागी तीन. पुढच्या जूनला त्यातलं एक ठेवायचं.

वनराई · १४ एप्रिल, रात्री १०:०२

आणि उरलेली दोन उपटून दुसरीकडे लावली तर?

पळसपापडी · १४ एप्रिल, रात्री १०:०८

उपटू नका, मूळ तुटतं. जमिनीलगत कापा. पळस बुंध्यातून पुन्हा फुटतो, तेव्हा दोन-तीनदा कापावं लागेल.

काळीमाती · १५ एप्रिल, सकाळी ६:४०

कागद अंथरणाऱ्यांसाठी: आज पाणी सोडलं तर रविवारपर्यंत वाफसा येईल.